जुन्या मित्रांसाठी घरी व्हिस्की चाखण्याची संध्याकाळ ठरवतो आहे. थीम कोणती ठेवावी, सात जणांना किती बाटल्या लागतील, खर्च किती येईल आणि चवीच्या नोंदी छापून द्याव्यात का?

आपण चार गोष्टी विचारल्या आहेत: थीम कोणती असावी, सात जणांना किती बाटल्या लागतील, खर्च किती येईल, आणि प्रत्येकाच्या हाती इंटरनेटवरील चवीच्या नोंदींचा छापील कागद द्यावा का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अशाच एका कागदामुळे आमचा एक मित्र दोन वर्षे आमच्यात येऊन बसला नाही. कागद छापू नका.

आम्हीही सातच जण आहोत. माटुंग्याला एका कॉलेजात शिकलो आणि आता सगळे साठीच्या आसपास आलो आहोत. एक डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेला, एक जहाजावरचा इंजिनिअर, एक शाळामास्तर, एक मूळचा कोल्हापूरकडचा, एक वेसाव्याच्या कोळीवाड्यातला आणि मी. पहिली संध्याकाळ डॉक्टरने पार्ल्याच्या घरी ठेवली होती. थीम होती ‘स्कॉटलंडचे पाच प्रदेश’. त्याने मनापासून तयारी केली होती, हे आजही मान्य करतो. प्रत्येकापुढे पाच ग्लास होते आणि शेजारी प्रत्येक व्हिस्कीच्या वासाची व चवीची यादी असलेला, प्लास्टिकचे आवरण चढवलेला कागद होता. हेदरचा मध, मार्मालेड, ख्रिसमस केक, चामड्याची खुर्ची असे त्यावर लिहिलेले होते. आम्ही आधी कागद वाचत होतो, मग ग्लास नाकाशी नेत होतो आणि वाचलेले सापडले म्हणून माना डोलावत होतो.

वेसाव्याच्या मित्राने कागद उलटा ठेवला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “मला बोंबील वाळवायच्या वलांडीखालून जाताना येतो तसा वास येतोय. बोंबील अर्धे सुकलेत, वारा खारा आहे.” त्यावर डॉक्टर म्हणाला, “अरे, इथे तर हेदरचा मध लिहिलंय,” आणि सगळे हसले. मीही हसलो, आणि आपण का हसलो हे मला आजवर स्वतःला सांगता आलेले नाही. आमच्यापैकी एकानेही हेदर नावाचे झुडूप पाहिले नव्हते, त्याच्या मधाचा वास घेणे तर दूरच. सुकणारे बोंबील मात्र सातही जणांनी हुंगलेले होते. त्यानंतर तो जेवणापर्यंत काही बोलला नाही. पार्ले स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मला एवढेच म्हणाला, “मला यातलं कळत नाही रे, मी आपला बिअरवर बरा.” पुढच्या वेळी त्याला काम निघाले, आणि त्याच्या पुढच्या वेळीही काम निघाले.

डॉक्टरशी माझा वाद तेव्हापासूनचा आहे. त्याचे म्हणणे असे की भाषा समान नसेल तर सात माणसे सात गोष्टी बोलतील आणि कोणालाच काही कळणार नाही. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमधील संशोधकांनी व्हिस्कीच्या वासांचे एक चक्र, म्हणजे वासांच्या नावांचा गोल तक्ता, तयार केले होते, त्याचा दाखला तो नेहमी देतो. ते चक्र उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु ते बनवले गेले ते धंद्यातील माणसांसाठी, म्हणजे एका डिस्टिलरीतील माणसाला जो दोष जाणवला तोच दुसरीकडच्या माणसाला त्याच नावाने ओळखता यावा म्हणून. आम्ही सात मित्र कोणाच्या मालाची तपासणी करायला बसलेलो नव्हतो. शिवाय छापील शब्द नाकाला फसवतात, आणि तेही ज्यांचे नाक कसलेले आहे त्यांचे. बोर्दोच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली होती, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनसाठी वापरायच्या शब्दांत केले. नुसत्या रंगाने एवढे होत असेल, तर नाकापुढे धरलेल्या लेखी यादीने काय होईल याचा विचार डॉक्टर असलेल्या माणसाने तरी करायला हवा होता.

दोन वर्षांनी मी माझ्या दादरच्या घरी अशी एक संध्याकाळ ठेवली. वेसाव्याच्या मित्राला फोन न करता मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईच्या हातचा चहा घेतला आणि त्याला सांगितले की या वेळी कागद नाही, बाटल्यांवर नाव नाही आणि थीम समुद्र आहे. तो आला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तरही हेच आहे. प्रदेशांची थीम घेऊ नका. स्कॉटलंडच्या आयला बेटाची व्हिस्की म्हणजे धूर असे लोक धरून चालतात, पण त्याच बेटावरील बुनाहाव्हन डिस्टिलरीची नेहमीची व्हिस्की जवळजवळ बिनधुराची असते. प्रदेश हा नकाशावर असतो, तो जिभेवर सापडेलच असे नाही. जमलेल्या प्रत्येकाच्या नाकात आधीपासून जे आहे ते थीम म्हणून घ्यावे. मुंबईत वाढलेल्या माणसांसाठी समुद्र आहे, धूर आहे, गूळ आहे, पहिल्या पावसाची माती आहे.

आमच्या पाच बाटल्या अशा होत्या. पहिली ओल्ड पल्टनी १२ वर्षांची, स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडील विक या बंदरातली. हे गाव हेरिंग मासळीवर मोठे झाले आणि तिथल्या रहिवाशांनी मतदान करून गावात दारूविक्री बंद करवली होती. ती बंदी १९४७ मध्ये उठली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा आला. हा योगायोग जहाजावरच्या मित्राने सांगितला तेव्हा मास्तर बराच वेळ गप्प होता, कारण त्याच्या वडिलांनी ते दिवस पाहिले होते. दुसरी बुनाहाव्हन १२, तिसरी स्काय बेटावरची टॅलिस्कर १०, चौथी गोव्याची पॉल जॉन बोल्ड आणि पाचवी आयलाचीच धुरकट लॅगाव्हुलिन १६. हलक्याकडून धुराकडे जायचे एवढाच क्रम पाळायचा असतो. धुरकट ग्लास आधी आला तर मागच्यांना नाक उरत नाही. बाटल्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर खडूने आकडे घातले होते.

अट एकच होती: प्रत्येकाने दोन मिनिटे गप्प राहून वास घ्यायचा आणि मग बोलायचे ते स्वतःच्या घरातले बोलायचे. पहिल्या ग्लासला कोणाला शब्द सुचेना. बँकवाला मित्र अखेर संकोचाने म्हणाला की शाळेबाहेर मीठ लावून मिळायची ती कैरी आठवते, आणि त्यानंतर कोणाला थांबवावे लागले नाही. दुसऱ्या ग्लासात मास्तरला काळ्या मनुका आणि खारे शेंगदाणे मिळाले. तिसऱ्याचा घोट घेऊन वेसाव्याचा मित्र म्हणाला, “तिरफळ. शेवटी जीभ बधिरते बघा.” टॅलिस्करच्या त्या शेवटच्या तिखट झटक्याला इंग्रजी नोंदींत काळी मिरी म्हणतात, आणि माझ्या मते तिरफळ हा शब्द मिरीपेक्षा कितीतरी अचूक आहे, कारण त्यात तिखटपणाबरोबर बधिरपणाही येतो. बांगड्याच्या आमटीत तिरफळ चावले गेलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. चौथ्या ग्लासावर कोल्हापूरकडच्या मित्राने गुऱ्हाळ सांगितले: काहिलीत रस उकळतो आहे, खाली चिपाडे जळत आहेत आणि गोडवा व धूर एकाच वाऱ्याने येतो आहे.

पाचव्याला वेसाव्याच्या मित्राने बराच वेळ ग्लास खाली ठेवला नाही. मग तो सांगू लागला की लहानपणी पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की अंगणात डांबर तापत ठेवलेले असे, आत आजी चुलीच्या निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजत असे, आणि हे दोन्ही वास दारात एकमेकांत मिसळत. तो दार उघडून उभा राही तेव्हा येणारा तोच वास ग्लासात आहे. त्या वेळी कोणी हसले नाही. डॉक्टर उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि तोच ग्लास त्याच्याकडून मागून घेतला.

वेसाव्याच्या मित्राने सांगितलेले नुसते भावनेने सांगितलेले नव्हते. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके दबलेली वनस्पती. ती जाळून तिच्या धुरात मोड आलेले सातू सुकवले की ग्वायाकॉल, क्रेसॉल, फिनॉल ही द्रव्ये दाण्यात उतरतात. यांच्याच कुळातील द्रव्ये डांबरात असतात, लाकडाच्या धुरात असतात आणि जुन्या लाल कार्बोलिक साबणातही होती. म्हणजे वेसाव्याच्या अंगणात आणि लॅगाव्हुलिनच्या ग्लासात काही प्रमाणात रसायन एकच होते, आणि छापील कागदापेक्षा त्याचे नाक त्या रसायनाच्या अधिक जवळ पोहोचले होते. खारेपणाचे मात्र वेगळे आहे. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातनातून ते दारूत येऊ शकत नाही; समुद्राची चव आपल्याला जाणवते ती बहुतांशी या धुरकट, औषधी वासांमुळे जागी झालेली समुद्राची आठवण असते, असे मी मानतो.

आता आपले उरलेले प्रश्न. प्रत्येकी एका व्हिस्कीचे १५ मिलिलिटर पुरेसे होतात, म्हणजे पाच ग्लासांचे मिळून ७५, अडीच लहान पेग. सात जणांत एका बाटलीतून १०५ मिलिलिटर संपतात, म्हणून बाटली प्रत्येकासाठी नव्हे तर प्रत्येक चवीसाठी एक धरावी आणि उरलेली पुढच्या खेपेला ठेवावी. खर्चाचे आम्ही असे केले की ज्याला जी परवडेल ती बाटली त्याने आणली. दोन बाटल्या जहाजावरच्या मित्राने विमानतळावरून आणल्या होत्या आणि ज्याने बाटली आणली नाही त्याने जेवण आणले. कोणी किती घातले याचा हिशेब आम्ही केला नाही आणि आपणही करू नये.

मुंबईत एक अडचण हवेची असते. उकाड्यात अल्कोहोल आधी उसळून नाकाला झोंबते आणि मागचा वास हाती लागत नाही, म्हणून एसी लावावा, पण पंखा ग्लासवर येऊ देऊ नये. त्या खोलीत उदबत्ती, अत्तर, मोगरा काहीही नको. सुरमई तळायची असेल तर पाचवा ग्लास संपल्यावरच तळावी. चखणा म्हणून तोवर साधे कुरमुरे आणि पाणी पुरते. तोंडाकडे निमुळता होत जाणारा ग्लास हवा, नसल्यास लहान वाईन ग्लास चालतो. पहिला वास तसाच घ्यावा आणि मग ड्रॉपरने पाणी घालावे. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे सांगणाऱ्या मित्राचे ऐकू नये. ब्लेंडर, म्हणजे निरनिराळ्या व्हिस्की मिसळून एक माल तयार करणारे लोक, वास घेताना व्हिस्की सुमारे २० टक्के अल्कोहोलपर्यंत पातळ करतात, आणि २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकावरील अभ्यासातून दाखवले की पाण्याने तीव्रता कमी झाली की ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे जमते. डॉक्टर पाण्याच्याही विरोधात होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि परवानाही लागतो. तारीख ठरवण्यापूर्वी ड्राय डे नाही ना हे पाहून घ्यावे. कोणी गाडी चालवत येणार असेल तर त्याची गाडी घरीच राहिली पाहिजे. जो पीत नाही त्यालाही बोलवावे. आमच्यात आता मास्तर पीत नाही, नुसता वास घेतो आणि सर्वांत चांगले शब्द त्याचे असतात. डॉक्टरच्या बाजूने एवढे मान्य करतो की पीट, शेरी या स्पॅनिश वाईनचे पिंप, बर्बनचे पिंप हे शब्द सर्वांना ठाऊक असावेत. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरते आणि तीच रिकामी पिंपे पुढे स्कॉटलंडला जातात, एवढे माहीत असले की व्हॅनिला कुठून आला असा प्रश्न पडत नाही. पण ही माहिती ग्लास रिकामे झाल्यावर सांगावी.

डॉक्टर अजूनही प्रत्येक वेळी कागद घेऊन येतो. पाचवा ग्लास होईपर्यंत तो कागद माझ्या कपाटात असतो आणि त्याला वाचायला मिळतो तो शेवटी, वेसाव्याच्या मित्राचे बोलून झाल्यावर.