भाव नंतर बघ, आधी इंधनाचं वजन शीक

पोरी,

तुझा मेसेज वाचला, एअरलाइनच्या कार्बन टीमचा इंटरव्ह्यू आलाय आणि तू कार्बन क्रेडिटचे, म्हणजे दुसरीकडं एक टन कार्बन वाचवल्याच्या दाखल्याचे, भाव पाठ करत बसलीयस. भाव राहू दे गं. तासगावकडच्या ऊसवाल्या घरातली तू, वजनकाट्यातच मारलं तर एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, कितीका असेना शेतकरी बुडतोच, हे तुला मी काय सांगू, इथंही सगळं वजनावरच उभं आहे.

विमानात इंधन भरतात लिटरमध्ये, हिशोब लागतो किलोत, मधे येते घनता, लिटरला साधारण 0.8 किलो धरतात पण ती तापमानाप्रमाणं हलते. 10,000 लिटर म्हणजे 8 टन, आणि 1 टन जळलं की 3.16 टन कार्बन डायऑक्साइड, झाले ना 25 टनांच्या वर! त्यामुळं घनता मोजलेली आहे की नुसती धरलेली, हे पहिलं विचार.

दुसरं, दोन स्कीमची सरमिसळ करू नकोस. युरोपच्या ईटीएसमध्ये, म्हणजे उत्सर्जनाच्या परमिटांच्या बाजारात, एकूण उत्सर्जनालाच मर्यादा आहे, विमानं त्यात 2012 पासून आली, दर टनामागं एक परमिट जमा करायचं आणि फुकटची परमिटं 2024 पासून कमी करत 2026 ला जवळपास संपवली. पॅरिस-फ्रँकफर्ट त्यात धरतात, मुंबई-फ्रँकफर्ट सध्या नाही. कोर्सिया ही आंतरराष्ट्रीय विमानांची स्कीम, ती आयकाओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेनं, 2016 ला ठरवली, तिथं मर्यादा नाहीच, 2019 च्या उत्सर्जनाच्या 85 टक्क्यांच्या वर जे जातं त्याच्यासाठी बाहेरच्या प्रोजेक्टचे क्रेडिट घ्यायचे. भारतीय कंपन्या रिपोर्टिंग 2019 पासूनच करतात, क्रेडिटची सक्ती 2027 पासून. पुणे-दिल्ली मात्र देशातलं, ते यात येतच नाही.

मला खटकतं ते हे की कोर्सियात 2032 पर्यंत कंपनीनं आपल्या उत्सर्जनाच्या किती टक्क्यांचे क्रेडिट भरायचे ते सगळ्या इंडस्ट्रीच्या वाढीवरून ठरतं, म्हणजे जुनी विमानं बदलून इंधन वाचवणारी कंपनी आणि नुसती वाढत सुटलेली, दोघींना टक्का एकच. वाचवलेल्या टनाचे पैसे वाचतात, नाही असं नाही, पण मला हे न्यायाचं वाटत नाही आणि इंटरव्ह्यूत विचारलं तर बिनधास्त सांग.

आणि इथेनॉलपासून विमानाचं इंधन म्हटलं की आपल्याकडं सगळे खूष होतात. धुरातला कार्बन जवळपास तेवढाच असतो गं, फायदा मोजतात तो शेतापासून, खत किती, जमीन कुठली, डिस्टिलरीत वाफेला काय जाळलं. पाण्याचंही विचार, जत-आटपाडीचा दुष्काळ तू बघितलायस.

रविवारपर्यंत मुंबई-दुबईच्या एका फ्लाइटचा हिशोब हातानं करून पाठव, एक्सेल नको.

काका