मानेतली रक्तवाहिनी ७५ टक्के बंद: गोळ्या की शस्त्रक्रिया?

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे आहेत. आठवड्यापूर्वी त्यांच्या उजव्या हातातून पेला गळून पडला, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) डाव्या कॅरॉटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या रोहिणीत, ७५ टक्के, उजवीत ५५ टक्के अडथळा निघाला. डॉक्टर डाव्या बाजूच्या ऑपरेशनची घाई करताहेत. गोळ्यांनी गुठळी विरघळणार नाही का?

उत्तर : नाही, कारण अडथळा मुळात गुठळीचा नाही. रोहिणीच्या भिंतीत मेद आणि कॅल्शियमचा थर साचतो. तो तडकला की त्यावर बारीक गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत जातो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल नवी गुठळी धरण्याला आळा घालतात; थर जागच्या जागी राहतो. शस्त्रक्रियेत तो थरच काढतात. उजव्या हाताचा ताबा डाव्या मेंदूकडे, म्हणून दोष डाव्या रोहिणीचा. उजवीने अजून काही लक्षण दाखवलेलं नाही, तिला औषधंच.

घाई योग्य आहे. पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो, म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो १४ दिवसांच्या आत करतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत, लक्षणं येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून अधिक अडथळा असलेल्या रुग्णांपैकी निव्वळ औषधांवरच्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. औषधं तेव्हापेक्षा सुधारली आहेत, तरी अशा रुग्णात शस्त्रक्रियेचं पारडं जडच.

मात्र एकट्या डॉप्लरवर विसंबू नका. तो रक्ताचा वेग मोजतो. सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला तर अडथळा ७० टक्क्यांपुढचा धरतात. कॅल्शियमची सावली पडली किंवा प्रोबचा कोन चुकला, तर आकडा फसवा येतो. सीटी अँजिओग्राफीने खात्री करा, त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) तपासा, कारण तिच्यात टोचलेलं रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणजे स्टेंट, रोहिणी आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी. तो वाईट नाही, पण सत्तरीनंतर तो घालताना पक्षाघाताचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. मानेला पूर्वी रेडिएशन झालं असेल, तर स्टेंट बरा. शस्त्रक्रियेसाठी ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका. घरी आल्यावर त्याच बाजूचं डोकं ठणकू लागलं आणि रक्तदाब चढला, तर तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझी एक कॅरॉटिड १०० टक्के बंद आहे. ती उघडता येईल?

उत्तर : जुनी बंद झालेली सहसा उघडत नाहीत, दुसरी बाजू जपतात. पण हात लुळा पडला, तर घड्याळ पाहा : गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.