एकाच नावाच्या दोन ‘टाइडस्प्रिंग’

१९९२ साली भंगारात गेलेलं ब्रिटिश तेलवाहू जहाज टाइडस्प्रिंग २०१७ मध्ये पुन्हा सेवेत कशी, असं तुम्ही विचारलंय. ही दोन वेगळी जहाजं आहेत. ब्रिटिश आरमारात जुनी नावं नव्या जहाजांना देतात. नवीन टाइडस्प्रिंग दक्षिण कोरियात बांधलेली आहे. पण इतिहास खरा जुनीचाच.

ती इंग्लंडमधल्या टाइन नदीवरच्या हेबर्नच्या हॉथॉर्न लेस्ली गोदीत बांधली, १९६३ मध्ये सेवेत आली. दोन्ही रॉयल फ्लीट ऑक्झिलरीची, म्हणजे ब्रिटिश आरमाराला रसद पुरवणाऱ्या ताफ्याची जहाजं; त्यांवरचे खलाशी मुलकी, मर्चंट नेव्हीच्या पठडीतले. काम एकच: युद्धनौकेला बंदर गाठायला न लावता भर समुद्रात इंधन देणं. इंधन देणारं आणि घेणारं अशी दोन्ही जहाजं एकाच वेगाने शेजारी-शेजारी चालतात आणि मधे डेरिकवरून, म्हणजे क्रेनसारख्या दांड्यावरून, लोंबणारे इंधनाचे होज (लवचिक नळ). सुकाणूवरचा माणूस जरा चुकला की होज तुटलाच म्हणायचा, किंवा जहाजंच एकमेकांना घासायची. आपल्या नौदलाची दीपक, शक्ती हेच काम करतात.

१९८२ मध्ये, ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात, मात्र तिच्यावर तेलाखेरीज बरंच काही लादलं. अर्जेंटिनाने घेतलेलं दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट परत घ्यायला निघालेल्या तुकडीत ४२ कमांडो या रॉयल मरीन्सच्या पलटणीची ‘एम’ कंपनी आणि दोन वेसेक्स-५ हेलिकॉप्टरं तिच्यावर होती. २२ एप्रिलला तिथल्या फॉर्च्युना हिमनदीवरून एसएएस या ब्रिटिश विशेष दलाचे जवान काढताना, डोळ्यांपुढे निव्वळ पांढरं असताना, दोन्ही हेलिकॉप्टरं कोसळली. जीवितहानी शून्य! अँट्रिम या ब्रिटिश विनाशिकेच्या जुन्या वेसेक्स-३ हेलिकॉप्टरने सगळ्यांना परत आणलं. ते हेलिकॉप्टर आज इंग्लंडमधल्या यॉव्हिल्टनच्या संग्रहालयात आहे.

पुढची गंमत बघा. अर्जेंटिनाची पाणबुडी सांता फे जवळपास आहे म्हटल्यावर तेलाचा एवढा साठा धोक्यात नको म्हणून टाइडस्प्रिंगला लांब पाठवलं. त्यामुळे २५ एप्रिलला साउथ जॉर्जियातल्या ग्रिटव्हिकेन या ठाण्यावर उतरताना ‘एम’ कंपनीचे बहुतेक जवान हजरच नव्हते. हाताशी होते तेवढ्यांना गोळा करून काम उरकलं. मग शरण आलेले अर्जेंटिनी कैदी अॅसेन्शन बेटावर न्यायलाही तीच! त्यांत अर्जेंटिनी नौदल अधिकारी आल्फ्रेडो आस्तिझ होता, ज्याला पुढे दोन फ्रेंच नन बेपत्ता झाल्याच्या प्रकरणी फ्रान्समध्ये गैरहजेरीत शिक्षा झाली.

तिची जोडीदार टाइडपूल त्याच सुमारास चिलीला विकली गेली होती, तरी युद्धासाठी तिला परत बोलावलं. टाइडस्प्रिंगचा शेवट गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी केंद्रात झाला. त्याच युद्धातली विमानवाहू नौका हर्मिस, म्हणजे नंतरची आपली विराटही, २०२० मध्ये तिथेच गेली.

फोटोत गोंधळ होत असेल तर बाजूवरचा क्रमांक बघा: जुनीचा ए७५, नवीचा ए१३६.