गोदीची गोष्ट कुणाची?

मावशी,
मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. साताऱ्यात राहते. मुलगी तिसरीत, मुलगा अडीच वर्षांचा, नवरा फिरतीवर. मागचा आठवडा सांगते. सोमवारी पहाटे चारला लिहायला बसले, सव्वाचारला धाकटा उठला. मंगळवारी नव्या पुस्तकाची प्रूफं आली, त्याच दिवशी चकलीची भाजणी दळून आणायची होती. बुधवारी १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. दोन शाळांमध्ये गोष्टी सांगून, दोन शाली आणि दोन नारळ घेऊन घरी आले, तर लेक रडून झोपलेली. तिच्या वर्गात बाईंनी दिवाळी अंकातली माझीच गोष्ट वाचून दाखवली होती. त्या गोष्टीतल्या मुलीला गोधडीच्या एका तुकड्याशिवाय झोप येत नाही आणि त्या तुकड्याचं नाव आहे गोदी. माझ्या लेकीचीही गोदी आहे. मी फक्त मुलीचं नाव बदललं होतं. गुरुवारी वर्गातली मुलं तिला ‘गोदीबाई’ म्हणाली. शुक्रवारी तिनं गोदी कपाटावर फेकली आणि मला म्हणाली, “आता तुला काहीच सांगणार नाही. तू लिहितेस.” शनिवार-रविवार मी पेनाला हात लावला नाही. नव्या पुस्तकात पहिलीच गोष्ट गोदीची आहे. साने गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. मला सात दिवसांत एक पान होत नाही, आणि होतं त्यानं पोटची पोर दुखावते. लिहिणं सोडून देऊ का?
– गोष्टवाली

प्रिय गोष्टवाली,

सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जिवाला घोर न लावता वाचशील.

वेळेचं गाऱ्हाणं आधी उरकू. पहाटे चारला उठणं बंद कर. अडीच वर्षांच्या मुलाला आईची कूस रिकामी झालेली झोपेतही कळते. त्याच्याशी स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. बत्तीस पानी चित्रांच्या पुस्तकात शब्द असतात किती? कित्येकदा चार-पाचशे. तेवढे भाजी निवडताना तोंडानं म्हणून बघता येतात, आणि मुलांची गोष्ट तोंडानं म्हणून बघितलेलीच बरी. एका दिवशी दोन शाळा घेऊ नकोस. शाळा वर्षभर उघड्या असतात. १५ ऑक्टोबरला जमत नसेल तर ‘जानेवारीत येते’ म्हणून सांग. आणि मानधनाचा विषय फोनवरच काढत जा. नारळाची निदान चटणी होते, शालींचं काय करायचं हे मला तरी अजून सुचलेलं नाही. नवरा फिरतीवर आहे, इतकंच तू लिहिलंस. आठवड्यात तो एकदाही घरी आला नाही असं मी धरून चालते. आला असेल, तर भाजणी कुणी आणली, हा माझा पुढचा प्रश्न असेल.

आता साने गुरुजी. फेब्रुवारी १९३३, नाशिकचा तुरुंग, ९ तारखेला सुरुवात आणि १३ तारखेला शेवट. खरं आहे. पण तिथं कुणाचा डबा भरायचा नव्हता आणि धाकटं पोर अंगावर चढत नव्हतं. गृहिणीनं तुरुंगातल्या ब्रह्मचाऱ्याशी वेगाची तुलना करू नये. त्यांच्याकडून घ्यायचं तर दुसरंच काही घे. त्या पुस्तकात कुणाचं लहानपण आहे? लिहिणाऱ्याचं स्वतःचं. हट्ट करणारा, चुकणारा, आईचा ओरडा खाणारा श्याम म्हणजे ते स्वतः. लाज झाकलेली उघडी केली असेल, तर ती आपलीच. (आईला मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. ती १९१७ सालीच गेली होती, विचारणार कुठून?)

तुझ्या लेकीची गोष्ट इथून सुरू होते, आणि पत्रातलं खरं दुखणंही हेच आहे.

इंग्लंडमध्ये मिल्न नावाचे एक लेखक होते. मुलाच्या खेळण्यातल्या अस्वलावर त्यांनी गोष्टी लिहिल्या आणि त्यात मुलगाही घातला, त्याच्या खऱ्या नावानिशी. पहिलं गोष्टींचं पुस्तक १९२६ साली आलं, तेव्हा पोरगा सहा वर्षांचा होता. सगळ्या जगानं त्या दोघांना डोक्यावर घेतलं. पुढे तो निवासी शाळेत गेला, तर शेजारच्या खोलीतली मुलं त्याला चिडवायला त्याच्यावरच्या कवितेची ग्रामोफोनची तबकडी पुन्हा पुन्हा लावायची. कंटाळल्यावर त्यांनी ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती फोडून तुकडे दूरच्या एका शेतात भिरकावले. हे त्यानं स्वतः लिहिलंय, १९७४ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. बाप आपल्या कोवळ्या खांद्यांवर चढून मोठा झाला, असं कधीकाळी वाटायचं, हेही त्यानं लिहिलं. ते अस्वल आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेच्या पेटीत बसलंय.

घाबरवायला नाही सांगत. मिल्न वाईट बाप होते असं मी म्हणणार नाही. मुलाचं नाव फार गाजतंय हे दिसल्यावर त्यांनी १९२८ नंतर त्या गोष्टी थांबवल्या. तुझी गोष्ट एका दिवाळी अंकात आली आहे, जगभर नाही. पण तिसरीतल्या मुलीचं जग चाळीस बाकांएवढंच असतं, आणि तिथं ती सगळ्यांना ऐकू गेली.

तू लिहिलंस, ‘मी फक्त मुलीचं नाव बदललं होतं.’ ह्या ‘फक्त’पाशी मी बराच वेळ थांबले. मुलीचं नाव बदललंस आणि गोदीचं तसंच ठेवलंस, कारण ‘गोदी’ हा शब्दच गोष्टीचा जीव होता. लेखिकेला तो सोडवला नाही. मला कळतं, मलाही सोडवला नसता. पण तो शब्द तुझा नव्हता. तो तिनं बोबडं बोलताना केलेला, रात्री दिवा मालवल्यावर आईच्या कानात सांगितलेला. तिथं ती आईशी बोलत होती. उशाशी लेखिकाही बसली आहे, हे तिला कुठं माहीत होतं?

आणि ही गोष्ट तिनं पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकली? बाईंच्या. अंक घरी आला होता, चित्रकाराला गोष्ट माहीत होती, संपादकाला माहीत होती. ज्या पोरीची गोदी, ती सगळ्यांत शेवटी.

माझंही सांगते. माझा थोरला लहानपणी ‘र’ला ‘ल’ म्हणायचा. संध्याकाळी देवापुढे ‘लामलक्षा’ म्हणायला बसायचा. मी त्यावर लेख लिहिला, लोकांची खूप पत्रं आली, मी हवेत. त्याच्या लग्नाच्या पंगतीत एक काकू त्याला म्हणाल्या, “काय रे, लामलक्षा म्हणतोस का अजून?” तो हसला. रात्री मला म्हणाला, “आई, तो लेख तू मला कधी दाखवलाच नाहीस.” एकोणतीस वर्षांचा होता तेव्हा. मी फायलीतून कात्रण काढून दिलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि परत दिलं. चांगलाय म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही.

तर आता तिच्याशी बोल. ‘अगं, ती तू नव्हतीसच’ असं म्हणू नकोस. ती होती, तिला माहीत आहे. ‘मुलं विसरतील’ हेही नको. ‘तुला न विचारता तुझी गोदी मी लोकांना दाखवली, माझं चुकलं’ एवढं म्हण आणि थांब. पुढे ‘पण’ आला की माफी वाया गेली. ती काही बोलणार नाही कदाचित. तिला लाडू वळायला घे आणि गप्प राहा. ‘काही सांगणार नाही’ म्हणणाऱ्या मुलांचं तोंड हात कामात असले की आपसूक सुटतं, असा माझा अनुभव. सुटलंच, तर ते वहीत उतरवू नकोस. त्या रात्री नाही, त्या वर्षी नाही.

बाईंना सुट्टी संपल्यावर एकटी भेट. त्यांनी कौतुकानंच वाचली असणार. वर्गाला उपदेश मात्र करायला लावू नकोस, नाहीतर विसरलेली मुलंही ‘गोदीबाई’ नव्यानं म्हणायला लागतील. तिला शेजारच्या बाकावर कुणी मैत्रीण असेल ती दे म्हणावं, पुरे.

राहता राहिली प्रूफं, आणि तिथं तुझं नशीब चांगलं आहे. पुस्तक अजून छापलेलं नाही. एकदा फर्मा मशीनवर चढला की कुणाचं काही चालत नाही. दिवाळी झाली की ती पहिली गोष्ट तिला तू स्वतः वाचून दाखव, सगळी. मग विचार: ठेवू, गोदीचं नाव बदलू, की काढून टाकू? ‘काढ’ म्हणाली तर काढ. प्रकाशक कुरकुर करतील, चित्रकाराची चार चित्रं फुकट जातील, त्याचे पैसे तुझ्या मानधनातून वळते करावे लागले तर कर. विचारायचं आणि मग आपलंच खरं करायचं, असं असेल तर मुळात विचारूच नकोस.

जागा रिकामी राहिली तर तिथं काय घालायचं, हे तुला सुचेल. तूही कधीतरी तिसरीत होतीस. तुझ्या उशाशी काय असायचं?

आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाटावर हात फिरवशील, तेव्हा गोदी खाली काढू नकोस, धुऊही नकोस. फक्त कपाटापाशी एक स्टूल ठेव.

– तुझी मावशी