दव गोठतं अशा थंडीत चाफा, जास्वंद, मोगरा जगतात का?

तुमचा प्रश्न असा की, हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो तिथे चाफा, जास्वंद, मोगरा लावता येतील का, आणि मागच्या हिवाळ्यात वेळेवर घरात आणूनही चाफा का गेला.

लावता येतात आणि फुलतातही. फक्त जमिनीत नको, कुंडीत लावा. चाफ्याचं म्हणाल तर तो थंडीने नव्हे, पाण्याने गेला असावा. पानं गळायला लागल्यावर पाणी वाढवलं, असं तुम्हीच लिहिलंय. मीही हेच केलं होतं. पानं गळाली तशी घाबरून रोज थोडंथोडं पाणी घालत राहिले. एक दिवस खोड अंगठ्याने दाबलं, तर पिकल्या केळ्यासारखं आत गेलं. बुडापासून सडलं होतं. पाच वर्षं वाढवलेलं झाड होतं, फार जिवाला लागलं.

चाफ्याची (म्हणजे चीक येणाऱ्या देवचाफ्याची, सोनचाफ्याची नव्हे) पानगळ हा आजार नाही, ती त्याची झोप आहे. पानंच नाहीत म्हटल्यावर मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओलीगार राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद करा. तापमान १० अंशांखाली जाणार नाही असा कोरडा कोपरा त्याला पुरतो, उजेड नसला तरी चालतो. वसंतात शेंड्याला कोंब दिसला की पुन्हा पाणी सुरू करा.

जास्वंद अशी झोपत नाही, तिला उजेड लागतो. रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर आलं की ती आत घ्या, दव गोठायची वाट पाहू नका. आत आल्यावर बरीच पानं पिवळी पडून गळतील, कारण खिडकीतला उजेड बाहेरच्या मानाने फार कमी असतो. अशा वेळी नखाने साल जरा खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड हमखास येते. पानावर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली की पानांची मागची बाजू पाण्याने धुऊन काढा, दर आठवड्याला. मोगऱ्यालाही असंच सांभाळायचं.

झाडं बाहेर असताना निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्रींना जपा. जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते, त्यामुळे उंचावरचा थर्मामीटर ३ अंश दाखवत असला तरी खाली पानांवर दव गोठू शकतं. थंड हवा जड असते, ती उताराने वाहत सखल कोपऱ्यात साचते. कुंड्या तिथे ठेवू नका. एखाद्याच रात्रीचा प्रश्न असेल तर जुनी चादर जमिनीला टेकेपर्यंत पांघरा. प्लास्टिक नको, ते जिथे पानाला चिकटतं तिथे पान करपतं.

वसंतात घाई मात्र करू नका. आतल्या उजेडात फुटलेली पानं कोवळी असतात. एकदा मी जास्वंद थेट उन्हात ठेवली आणि दोन दिवसांत पानं पांढरी पडली. आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, अशी सवय लावा.

आणि चाफा गेला म्हणून सोडून देऊ नका. कुणाकडून हातभर जून फांदी मिळाली तर कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकू द्या, चीक वाळला पाहिजे. मग ती निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोचा. पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने घाला.