आभाळाचे प्रश्न : थंडीतले ढग आणि हवामानाचा अंदाज

प्रश्न : अंदाजात किमान तापमान ४ अंश होतं, पण पहाटे अंगणातल्या रोपांवर दव गोठलेलं दिसलं. अंदाज चुकला का?

बहुधा नाही. अंदाजातलं तापमान जमिनीचं नसून हवेचं असतं. त्यासाठीचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री गवताची पाती आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि या हवेपेक्षा सहज तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, गार होतात. सखल जागी थंड हवा उताराने येऊन साचते, त्यामुळे तिथे हा फरक आणखी वाढतो.

म्हणून किमान तापमानाच्या आकड्यासोबत रात्रीचे ढग आणि वारा हेही बघा. खालच्या थरातले दाट ढग जमिनीची उष्णता शोषून तिच्यातली बरीचशी पुन्हा खाली पाठवतात, त्यामुळे रात्र उबदार राहते. उंचावरचे पातळ ढग स्वतःच अतिशय थंड असल्याने त्यांचा असा उपयोग फार थोडा होतो. नुसतं ‘अंशतः ढगाळ’ वाचून निर्धास्त होणं इथेच नडतं : ढग कोणते, हे त्या शब्दांत येत नाही. मध्यरात्री आभाळ मोकळं झालं आणि वाराही पडला, तर रोपं झाकलेली बरी. आच्छादन जमिनीपर्यंत टेकवा, म्हणजे मातीची ऊब आत राहील. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका, कारण जिथे ते टेकतं तिथलं पान गारठतं.

प्रश्न : लहान लहान पुंजक्यांचे ढग दिसले की गोंधळ होतो. ओळखायचे कसे?

हात लांब करा आणि ढगावर बोट धरा. क्षितिजाजवळचे ढग सोडून द्या, निदान ३० अंश वरचेच मोजा. पुंजका करंगळीच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर तो सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा, पण जोडून धरलेल्या तीन बोटांमागे झाकला जाणारा असेल तर अल्टोक्युम्युलस. तीन बोटांनाही पुरून उरला, तर स्ट्रॅटोक्युम्युलस. मूळ प्रकार एकूण दहाच आहेत. सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावं ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२-०३ मध्ये मांडली, आणि आजही ढगांची बहुतेक नावं त्यांच्यावरूनच तयार होतात.

प्रश्न : चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, हे खरं का?

आधी ते खळंच आहे ना, ते तपासा. चंद्रापासून कड्यापर्यंतचं अंतर, हात लांब करून ताणलेल्या वितीएवढं, म्हणजे साधारण २२ अंश, असायला हवं. हे कडं सिरोस्ट्रॅटस ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं. चंद्राला अगदी खेटून दिसणारी छोटी रंगीत वर्तुळं वेगळी : ती बहुतेकदा पाण्याच्या थेंबांमुळे होतात.

आता पावसाचं. नुसतं खळं पुरेसं नाही, ढगांचा क्रम बघा. आधी सिरसचे पांढरे धागे, मग खळं पाडणारा दुधी पडदा, मग करडा अल्टोस्ट्रेटस. या शेवटच्या ढगातून सूर्य घासलेल्या काचेमागून दिसावा तसा दिसतो आणि जमिनीवर सावली पडत नाही. थर याच क्रमाने दाट होत, खाली उतरत गेले तर निंबोस्ट्रेटस, म्हणजे पावसाचा दाट करडा ढग, आणि संततधार येण्याची शक्यता बरीच असते. पडदा विरत गेला, तर ते खळं तेवढ्यावरच संपलं.

प्रश्न : उद्या सकाळी धुकं असेल का, हे संध्याकाळी कळू शकतं?

बऱ्यापैकी कळतं. सापेक्ष आर्द्रता बघू नका. हवा गार होताना ती एरवीही वाढतेच. दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाण्यात बदलायला लागते ते, बघा. समजा, संध्याकाळी ते ११ अंश आहे आणि रात्रीचं अपेक्षित किमान १० : आभाळ निरभ्र, वारा अगदी मंद आणि जमीन ओली असेल, तर दाट धुक्याची तयारी ठेवा. किमान तापमान १५ असेल, तर बहुधा धुकं नाही. वारा पूर्ण पडला की कित्येकदा नुसतं भरपूर दव पडतं, कारण गारवा जमिनीलगतच अडकतो. थोडी झुळूक असली की तो वरपर्यंत मिसळतो आणि धुक्याचा थर जाड होतो. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली तरच हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात.