ग्वाल्हेरच्या जयविलास महालात राजघराणं अजून राहतं ना? मग त्याचं संग्रहालय कसं झालं?

हो, शिंद्यांचं घराणं अजून तिथंच राहतं. महालाचा एक भाग त्यांच्याकडे आहे आणि एक भाग तिकीट काढणाऱ्यांसाठी खुला आहे. मी दोनदा जाऊन आलोय. तुमच्या प्रश्नात 'राजवाड्यावर अशी पाळी का आली' असा सूर जाणवला, म्हणून आधीच सांगतो: हा महाल पहिल्या दिवसापासून लोकांना दाखवण्यासाठीच बांधलेला होता. १९६४ मध्ये संग्रहालय झालं तेव्हा फक्त पाहुणे बदलले.

जयाजीराव शिंद्यांनी तो १८७४ साली उभा केला. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ च्या दौऱ्यात हिंदुस्थानात येणार होता आणि त्याचं स्वागत थाटात व्हायला हवं होतं. तोवर शिंद्यांचा मुक्काम लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या गोरखी महालात असे. ('लष्कर' हे नावही आपल्याच लोकांचं. दौलतरावांच्या फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचंच शहर झालं.)

पण या थाटामागे १८५८ सालही होतं. त्या जून महिन्यात तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा जयाजीरावांची फौज त्यांनाच जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याला पळावं लागलं. इंग्रजांनी त्यांना परत गादीवर बसवलं, पण किल्ला स्वतःकडे ठेवला. तो शिंद्यांना परत मिळाला थेट १८८६ च्या सुमारास, तोही झाशीच्या बदल्यात. म्हणजे महाल बांधला जात होता तेव्हा डोक्यावरच्या किल्ल्यात गोरी पलटण बसलेली होती. किल्ला हातात नसलेला राजा आपलं राजेपण दाखवणार कशानं? माझ्या मते त्या झुंबरांचा अर्थ इथं आहे.

महालाचा आराखडा मायकेल फिलोज यांचा. हे घराणं मूळचं इटलीतल्या नेपल्सचं, पण पिढ्यानपिढ्या शिंद्यांच्या चाकरीत. महाल युरोपी पद्धतीचा आहे: खालचा मजला टस्कन, त्यावर डोरिक, त्याच्याही वर कोरिंथियन (या युरोपातल्या जुन्या बांधकामशैली). खोल्या सुमारे ४००. दरबार हॉलकडे जाणाऱ्या जिन्याचे कठडे काचेचे आहेत. हात लावू देत नाहीत, पण खिडकीतून ऊन आलं की बघत उभं राहावंसं वाटतं. हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेकाचं वजन साडेतीन टन. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट तुम्हाला तिथला प्रत्येक माणूस सांगेल. कोणी आठ हत्ती म्हणतो, कोणी दहा. खालचा भलामोठा गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, त्याला १२ वर्षं लागली असं सांगतात. मी झुंबरापेक्षा गालिच्याकडेच जास्त वेळ बघत होतो.

आणि ती चांदीची आगगाडी! महाराज माधवरावांना (१९२५ साली वारले ते, नंतरचे केंद्रीय मंत्री माधवराव नव्हेत) रेल्वेचं भारी वेड. ग्वाल्हेरची दोन फुटी छोटी रेल्वे त्यांच्याच काळातली. तेच वेड जेवणाच्या टेबलावरही आलं. टेबलावर रूळ टाकलेले, त्यावरून छोटी गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. डब्यांवर रोमन लिपीत घराण्याच्या नावाची सात अक्षरं. कुणी बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढं निघायची. आमच्या पंगतीत वाढपी हाक मारूनही थांबत नाही, म्हणून याचं मला जास्तच अप्रूप.

आता संग्रहालयाकडे. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि तेव्हाचे महाराज जिवाजीराव त्या राज्याचे राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाले. ते १९६१ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी विजयाराजे शिंद्यांनी महालाचा काही भाग संग्रहालय म्हणून खुला केला. डिसेंबर १९६४ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, सुरुवातीला पस्तीसएक दालनं होती. बरेच लोक म्हणतात, 'तनखे (संस्थानिकांना सरकारकडून मिळणारी रक्कम) बंद झाले म्हणून राजवाड्यांना तिकिटं लागली.' काही ठिकाणी ते खरं असेलही, पण तनखे गेले १९७१ मध्ये, म्हणजे इथं संग्रहालय होऊन सात वर्षं झाल्यावर. तेव्हा हे कारण इथं लागू पडत नाही. ४०० खोल्यांचं घर चालवणं मात्र कुठल्याही काळात सोपं नव्हतं. शेजारच्या उषाकिरण पॅलेसचं हॉटेल झालं, हा दुसरा मार्ग. माझी पसंती विचाराल तर संग्रहालयालाच, कारण हॉटेलात खोलीचं भाडं परवडेल तोच आत जातो.

आपल्यासाठी आणखी एक ओढ आहे. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. २०२२ मध्ये महालात मराठ्यांच्या इतिहासाचं स्वतंत्र दालन सुरू झालं, ते चुकवू नका. पालख्या, बग्ग्या, शस्त्रं बघता बघता अर्धा दिवस सहज जातो, तेव्हा सकाळीच जा आणि पायात साधी चप्पल असू द्या, चालणं बरंच आहे.

बाहेर पडल्यावर फुलबागेत नक्की जा. फार लांब नाही. १८५८ च्या त्याच जूनमध्ये लढताना पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिथं आहे.